धाकट्या जावेच्या चार मेथड्स

हसनाबादच्या आमच्या घरात माडीवर एक खोली आहे. पुण्याची नोकरी घरूनच करायची ठरवून मी सासरी राहायला आले, तेव्हा त्या खोलीत सरकीची पोती रचलेली होती. नवऱ्यानं ती खाली हलवली, भिंतींना निळा रंग दिला, इंटरनेटची फायबर तार वर ओढून घेतली आणि खिडकीशी माझं टेबल लावलं. त्याचं गावात बी-बियाण्याचं दुकान आहे. दीर शेती बघतात. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या घर बघतात. आणि मी वर बसून कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकं काय लिहिते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. कंपनीचा कोड कंपनीच्या कुलपात असतो, बाहेर कुणाला दाखवता येत नाही. पगार वेळेवर येतो, घरातले मान देतात, पाहुणे आले की आत्याबाई आवाज खाली करून सांगतात, "सूनबाई वर मीटिंगमधी हाय." तेवढं पुरत होतं. निदान मला तसं वाटायचं.

मग दिरांचं लग्न झालं. धाकटी भोकरदनची, कॉम्प्युटरची पदवी झालेली, पण नोकरी अजून न लागलेली. लग्नाची धामधूम संपल्यावर एका सकाळी ती लॅपटॉप छातीशी धरून जिन्यात उभी राहिली. "ताई, मी पण वर बसू का? खाली नेट येत न्हाई."

मला खरंच आनंद झाला. इतकी वर्षं त्या खोलीत मी एकटीच माझ्याशी बोलत होते. नवऱ्यानं दुसरं टेबल आणलं, माझ्या टेबलाला काटकोनात लावलं. मी तिला कामाला लागेल ते शिकवायला लागले. ती पटकन शिकायची. कधीकधी इतकं पटकन, की मी पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेलं तिनं आदल्या संध्याकाळीच वाचलेलं असायचं.

एकदा मी तिला रांग समजावत होते. प्रोग्राममध्ये रांग म्हणजे आपली साधी रांगच. नवीन आलेला मागं उभा राहणार, पुढचा आधी सुटणार. आम्ही वापरतो त्या भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबत आयत्या मिळणाऱ्या साहित्यात, अशी रांग होती; पण अगदी ओबडधोबड. मागं एक घाला, पुढून एक काढा, आणि रांग रिकामी आहे का ते विचारा, बस. रिकाम्या रांगेतून काढायला गेलं की प्रोग्राम कोसळायचा. म्हणून दरवेळी आधी विचारायचं, मग काढायचं, नसेल तर काय ते सांगायचं. चार ओळींचं काम. मी ते प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवायचे. पुढं कोण उभा आहे ते न काढता नुसतं बघायचं, तेही तिथंच. ते सगळं मी तिला लिहून दाखवलं.

ती बराच वेळ ओळींकडे बघत राहिली. "ताई, हे दरवेळी का लिहायचं? लायब्ररीतच का न्हाई?"

"असंच आहे ते."

"कुणी मागितलं न्हाई का?"

"मागितलं असेल. मला काय माहीत." मला मीटिंग होती. मी हेडफोन लावला.

पुढचं मला कळलं ते दिरांकडून, तेही जेवताना. ताटावर बसता बसता ते म्हणाले, "वहिनी, हिनं बाहेर देशात काहीतरी पाठवलंय. तुमच्याच लाईनीतलं हाय म्हणं. तिकडची लोकं वाचून राह्यलीत."

धाकटी लाजून म्हणाली, "काही न्हाई हो. एक प्रस्ताव टाकलाय. ताईंना वाचायला देणारच होते."

मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हटलं, "वा! चांगलं केलंस." आवाज नेहमीसारखाच आला. तो कसा आला, मला माहीत नाही.

जेवणं झाल्यावर मी मोरीजवळ उभी राहून मोबाईलवर ते पान उघडलं. अशा भाषा कुण्या एका कंपनीच्या नसतात. जगभरातली माणसं त्या मिळून घडवतात. कुणीही बदल सुचवू शकतं, कुणीही त्यावर बोलू शकतं, आणि शेवटी लायब्ररी सांभाळणारे काही जण हो-नाही ठरवतात. हे मला धाकटी शाळेत होती तेव्हापासून माहीत होतं. पण आपण तिथं काही बोलावं, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

तिनं रांगेसाठी चार मेथड्स सुचवल्या होत्या. मेथड म्हणजे रांगेला सांगायचं एकेक आयतं काम. पुढचा नुसता बघ, काढू नको. पुढचा काढ, आणि नसेल तर मी सांगेन ते दे. बरेच जण एकदम मागं उभे कर. आणि शेवटची, रांग पूर्ण रिकामी करून सगळे माझ्या हातात दे. पहिल्या दोन माझ्या फाईलमधल्याच होत्या. शब्द वेगळे होते, पण काम तेच. म्हणून त्या माझ्या होत्या का? नाही. या भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकानं त्या चार ओळी कधी ना कधी लिहिल्याच असतील. हे मला तेव्हाही पक्कं कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

चोरीची शंका मला टोचत नव्हतीच. टोचत होतं तिचं लिहिणं. प्रत्येक मेथडखाली तिनं उदाहरण दिलं होतं, आणि उदाहरणात होती जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर कापूस घेऊन उभी राहिलेली ट्रॅक्टरं. पुढचं ट्रॅक्टर कोणाचं आहे ते बघा, आत सोडू नका. फाटकाशी कुणी नसेल तर वजनकाट्यावाल्याला चहाला पाठवा. साधं, स्वच्छ, आणि वाचताना हसू येईल असं. खाली कुण्या थंड देशातल्या माणसानं लिहिलं होतं, की रांगेवरचं इतकं समजेल असं लिखाण त्यानं फार दिवसांत वाचलं नव्हतं. त्याखाली आणखी कौतुक. हृदयं, अंगठे. मी ते अंगठे वर-खाली करून पुन्हा पुन्हा बघत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी हाक मारली, "अगं, नळ वाहून राह्यलाय!"

त्या आठवड्यात दिरांनी ते पान चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवलं. कुणाला अक्षर कळलं नसेल, पण तिचं नाव दिसत होतं आणि ट्रॅक्टर हा शब्द दिसत होता. माझा नवरा दुकानातून येऊन कौतुकानं म्हणाला, "गिऱ्हाईक विचारून राह्यलं, तुमच्या घरातल्या त्या कॉम्प्युटरवाल्या बाई कोणत्या? मी म्हटलं, थोरली का धाकटी? तर म्हणे, ट्रॅक्टरवाल्या."

तो हसला. मी हसले नाही. इतकी वर्षं मी त्या निळ्या खोलीत जे केलं, त्यातली एक ओळही मी कुणाला बोट ठेवून दाखवू शकत नव्हते. तिनं काही महिन्यांत बोट ठेवण्यासारखं काहीतरी करून ठेवलं होतं. तिचं टेबल माझ्या टेबलाहून लहान होतं, खुर्ची प्लास्टिकची होती, आणि मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीचा हेवा वाटत होता. ती टाईप करायला लागली की मला वाटायचं, आता कुणाला उत्तर देतेय? ती गप्प बसली की वाटायचं, कौतुक वाचतेय. माझ्या कामात चुका व्हायला लागल्या. कंपनीतल्या साहेबांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

मग एके दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला तिच्या चौथ्या मेथडमधली चूक दिसली.

रांग पूर्ण रिकामी करायची, म्हणजे रिकामी होईपर्यंत एकेक काढत राहायचं, असं तिनं लिहिलं होतं. पण तुम्ही पुढून काढत असताना दुसरं कुणी मागं भरत असेल तर? मोठ्या प्रोग्राममध्ये एकाच रांगेवर दोन-तीन कामं एकदम चालू असतात. फाटकातून एक ट्रॅक्टर आत सोडलं की मागं नवीन येऊन उभं. मग ते काम संपणारच नाही. प्रोग्राम तिथंच गरगरत राहील. हे लहान उदाहरणात कधी दिसत नाही. खरा भार पडल्यावरच दिसतं, आणि तसा भार मी वर्षानुवर्षं पाहिला होता.

ओली चादर हातात तशीच राहिली. मला आनंद झाला. त्या आनंदाची चव मला अजून आठवते, पिकल्या चिंचेसारखी. आंबट, आणि तरी सोडवत नाही अशी.

मी खाली येऊन टेबलाशी बसले. ती तिथंच होती, हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. मान वळवून "अगं, हे बघ" म्हणायला काय लागत होतं? मी ते पान उघडलं आणि माझ्या पूर्ण नावानं, सगळ्या जगासमोर, तिथंच लिहिलं. भाषा अगदी सभ्य ठेवली. कुठं अडकेल, का अडकेल, ते दाखवणारा छोटा प्रोग्रामही जोडला. शेवटी लिहिलं की या रूपात ही मेथड लायब्ररीत घेणं धोक्याचं ठरेल. आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळानं तिच्या बटणांचा आवाज थांबला. खाली आत्याबाई कुणाशी तरी बोलत होत्या, ते स्पष्ट ऐकू यायला लागलं.

ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, तुम्ही इथंच बसलाय."

"हो."

"मंग इथंच सांगायचं ना मला."

"प्रस्ताव सगळ्यांसमोर आहे. बोलणंही सगळ्यांसमोरच व्हायला पाहिजे. तिकडची तशीच पद्धत असते."

"पद्धत मला कळते." तिनं आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुमचं बरोबर आहे. बिलकुल बरोबर आहे. पण तुम्ही मला शिकवताना कधी असं लिहिलं न्हाई. 'धोक्याचं ठरेल.' जसं काय मी कोण कुठली."

माझं बरोबर होतं, म्हणून मी मागं हटले नाही. चूक असते तर बहुतेक माफी मागितली असती. म्हटलं, "कौतुक सगळ्यांसमोर चालतं, तर चूकही चालली पाहिजे."

तिनं लॅपटॉप मिटला आणि खाली निघून गेली.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. मीठ दे, दार लाव, कुकरच्या शिट्ट्या झाल्या का. ती वर येईना. खालच्या खोलीत नेट येत नसताना तिथंच बसायला लागली. आत्याबाईंना वास लागलाच. संध्याकाळी पालेभाजी निवडताना त्यांनी दोघींनाही समोर बसवलं.

"काय झालंय तुमचं? भांडणं कशावरून हायेत?"

धाकटी मान खाली घालून म्हणाली, "रांगेवरून."

"रांग? कोणती रांग? राशनची?"

मी म्हटलं, "तशी नाही, आत्याबाई. कॉम्प्युटरमधली."

त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "कॉम्प्युटरमधी रांग लागती, आन् त्याच्यावरून तुम्ही घरात भांडून राह्यल्या?"

धाकटीला हसू फुटलं. मलाही आलं, पण मी ते दाबलं. आत्याबाईंना त्यात काही गंमत वाटली नव्हती. "हसायचं असंल तर हसा, न्हाईतर भांडा. पण सकाळच्या पोळ्या कोण लाटणार तेवढं बोला. दोघीबी तोंड फुगवून बसल्या तर पोरं शेतात-दुकानात काय घेऊन जातील?"

पोळ्या मी लाटल्या. ती भाजत होती. मग तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली, "सुरुवातीलाच मोजून घेतलं तर? रांगेत आत्ता जितके आहेत, तितकेच काढायचे. मागून आलेले पुढच्या वेळेला."

मी पुढचा गोळा लाटायला घेतला. मला तोच उपाय सुचला होता, आणि तो मी मुद्दाम लिहिला नव्हता. तो तिला स्वतःहून सुचावा अशी माझी इच्छा होती, की सुचू नये अशी, हे मला आजही सांगता येणार नाही.

"चालेल," मी म्हटलं. "पण मोजणं आणि काढणं यांच्यामध्ये दुसऱ्या कुणी काढून नेलं तर? तेही बघावं लागेल."

"हां," ती म्हणाली. "खरंच की." आणि पोळी करपली.

तिनं ते बदलून मोबाईलच्या नेटवरून पाठवलं. मग लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी एका बाईंनी मला लिहिलं, की तुमची नजर चांगली आहे, तर बाकीचंही तपासून द्याल का. कंपनीचं काम सोडून मी कधी काही तपासलं नव्हतं. मी हो म्हटलं. आणि मी तपासलं ते कुण्या शत्रूच्या कागदावर बसल्यासारखं. एकेक शब्द, एकेक स्वल्पविराम. दुसऱ्या मेथडचं नाव फसवं आहे, वाचणाऱ्याला वाटेल की ही नुसती बघते, पण ही काढून टाकते, नाव बदला. बरेच जण एकदम घालताना मध्येच चूक झाली तर अर्धे आत, अर्धे बाहेर राहतील. तसं होता कामा नये. मी लिहायचे, ती वाचायची, दुरुस्त करायची, पुन्हा पाठवायची. एकदा ती चिडून जिन्यावरून वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "हे नाव तर तुम्हीच मागच्या वेळी सुचवलं होतं!"

"तेव्हा मी चुकले होते."

"मंग तेही लिहा ना तिथं. सगळ्यांसमोर."

मी लिहिलं. ती उभी राहून वाचत होती. वाचून झाल्यावर आपली प्लास्टिकची खुर्ची ओढून वरच बसली. त्या दिवसापासून ती पुन्हा वर यायला लागली.

हेवा कमी झाला का? नाही. तो कामात मुरला, एवढंच. तिच्यापेक्षा नीट बघायचं, या जिद्दीनं मी बघत होते, आणि त्यामुळे तिचंच काम चांगलं होत होतं. हे मला दिसत होतं आणि त्याची चीड येत होती. तरी मला थांबता येत नव्हतं. कितीतरी वर्षांत मला कुठल्या कामात इतकं जीव ओतून बसावंसं वाटलं नव्हतं.

कापसाची वेचणी संपत आली होती तेव्हा ते मंजूर झालं. चारही मेथड्स घेतल्या. नव्या आवृत्तीच्या माहितीत तिचं नाव आलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात, तपासणाऱ्यांत, माझं. ट्रॅक्टरची उदाहरणं जशीच्या तशी ठेवली होती. दीर भोकरदनहून पेढे घेऊन आले. आत्याबाईंनी देवापुढं ठेवले आणि पहिला धाकटीच्या तोंडात घातला. दुसरा माझ्या.

नवऱ्यानं मोबाईल डोळ्यांजवळ धरून पान पाहिलं. "तुझंबी नाव हाय ना खाली."

"आहे."

"मंग तोंड का असं?"

"काही नाही. पेढा फार गोड आहे."

त्याला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना माझ्यासाठी खारे शेंगदाणे घेऊन आला.

पावसाळ्यात मी स्वतःचा प्रस्ताव लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला. ज्या रांगेत तातडीचं काम मधूनच पुढं काढावं लागतं, तशा रांगेसाठी. त्यात मला खरोखर गती होती. कंपनीत मी तेच करत आले होते. उदाहरणं मी कोरडीच दिली. ट्रॅक्टरसारखं काही मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी घातलं नसतं. आठवडाभर कुणी फिरकलंच नाही. मग त्या सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: विचार चांगला आहे, पण फार थोड्यांना लागेल, लायब्ररीत घेण्याइतकी गरज दिसत नाही. सभ्य भाषा होती. मी कधीतरी वापरली होती, तशीच.

धाकटीनं ते माझ्या आधी वाचलं होतं. मी बघेपर्यंत तिनं खाली लिहूनही टाकलं होतं, की हे अनेकांना लागेल, अमुक अमुक ठिकाणी लागेल, आणि ज्यांनी हे लिहिलंय त्यांना यातलं बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं.

"काढ ते," मी म्हटलं.

"का? खरं तेच लिहिलंय."

"मला तुझी शिफारस नकोय."

मग तिनं शेवटचं वाक्य पुसलं. बाकीचं ठेवलं. "हे शिफारस न्हाई," ती म्हणाली. "हे मुद्दे आहेत. ते चुकीचे असतील तर तिथंच सांगा."

मुद्दे चुकीचे नव्हते. त्यातला एक तर मलाही सुचला नव्हता. मी प्रस्ताव परत घेतला, अर्धा फाडून पुन्हा लिहिला, नको ते काढलं, तिचा तो मुद्दा आत घातला आणि तो तिचा आहे असं नाव देऊन लिहिलं. पुन्हा पाठवला. अजून त्यावर काही ठरलेलं नाही.

परवा दुपारी वीज गेली होती. इन्व्हर्टरवर पंखा हळूहळू फिरत होता. आम्ही दोघी आपापल्या टेबलाशी होतो. तिनं अचानक विचारलं, "ताई, एक विचारू? माझं मंजूर झाल्तं तेव्हा तुम्हाला राग आल्ता का?"

"आल्ता."

"अजून हाय?"

मी जरा विचार केला. "थोडा."

तिनं मान हलवली, जणू मी किती वाजले ते सांगितलं होतं. "बरं," ती म्हणाली, आणि हेडफोन लावून कामाला लागली.